बिनमुखपृष्ठाचा वेताळ

कडा, ता. आष्टी, जि. बीड

चि. धाकटीस,


सुट्टी संपवून जाताना तू एक्स-मेन कॉमिक्सची जाडजूड पुस्तकं इथंच ठेवून गेलीस. तुझ्या आईचं म्हणणं, नगरला गाडी बदलायची म्हणून पोरीनं ओझं कमी केलं. मी मात्र ती माझ्यासाठीच ठेवलीत असं धरून चाललो. लाइट जायच्या वेळा सांभाळून आठवडाभरात सगळी संपवली. इंग्रजी अडलं तिथं चित्रांवर भागवलं. परवा फोनवर तू विचारलंस, 'मामा, कशी वाटली?' मी 'बरी आहेत' म्हणालो आणि पावसाचं बोलायला लागलो. खरं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या लहानपणी सुपरहिरो हा शब्द नव्हता. वेताळ होता. एक गावकुसाबाहेरचा, शेंदूर फासलेला, नारळ घेणारा. दुसरा इंद्रजाल कॉमिक्समधला, अंगाला चिकटलेले कपडे घालून पांढऱ्या घोड्यावर बसणारा. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं. आमच्यापर्यंत येईतो त्याचे अंक चार-पाच हातांतून फिरून कान दुमडलेले असायचे. दादा नगरला गेले की रद्दीवाल्याकडून एखादा आणायचे. आजीनं एकदा चित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, 'ह्याला शेंदूर का नाही रं?'

हा दुसरा वेताळ ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ साली काढला. मूळ कथेत त्याचं जंगल 'बेंगाली' मुलखातलं. भारतात छापताना त्याचं 'देंकाली' झालं. नाव बदललं, मांडणी तीच. कवटीच्या गुहेत सिंहासनावर एक गोरा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यातला, आणि भोवती भाले घेतलेली बुटकी काळी माणसं, त्याचा शब्द झेलणारी. त्यांच्या जमातीचं नाव बांदर. आम्ही चिंचेखाली वेताळ-वेताळ खेळायचो. उन्हानं रापून कोळसा झालेली पोरं आम्ही, तरी प्रत्येकाला वेताळच व्हायचं असायचं. बांदर व्हायला कुणी तयार नसे. शेवटी ते काम एकावरच यायचं.

तो पारध्यांचा होता. तेव्हा आपण कड्याला नव्हतो, पलीकडं नगर जिल्ह्यातल्या एका गावात होतो. बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पाचवीचा वर्ग. त्यांची पालं ओढ्यापलीकडं. तो एकटाच शाळेत यायचा आणि दाराजवळ बसायचा. कुणी बसवलं होतं म्हण किंवा आपणहून बसायचा म्हण, मला आठवत नाही. चित्रं मात्र झकास काढायचा. तितर काढला की पिसं मोजून घ्यावीत. मी त्याला माझा एक वेताळ वाचायला दिला होता. मुखपृष्ठ गेलेला. घरी न सांगता.

एक दिवस वर्गात कुणाची तरी कंपासपेटी सापडेना. गुरुजी अजून काही बोललेही नव्हते. वर्गानं फक्त माना वळवल्या, दाराकडं. आणि कुणी विचारायच्या आत तो उठला, आपलं दप्तर उचललं आणि जमिनीवर उपडं केलं. एक पाटी, पेन्सिलीचे तुकडे, गलोल आणि माझा वेताळ. गुरुजींनी वेताळ उचलला. 'हे कुणाचं?' तो गप्प. मी दोन हातांवर बसलो होतो. 'माझं आहे, मीच दिलंय,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग घरी कळलं असतं, कुणाशी देवघेव आहे ते. मी तोंड उघडलं नाही. दुसरंच कुणीतरी म्हणालं, 'गुरुजी, ह्यो आमच्या वर्गातल्याचा हाय.' ह्यानं चोरला असणार, हे म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. अंक माझ्याकडं आला. पेटीचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.

तुझ्या पुस्तकातली ती गोष्ट, १९८१च्या सुरुवातीच्या दोन अंकांतली, वाचताना मी इथंच अडकलो. तीत पुढचा काळ दाखवलाय, तोही २०१३ सालचा. म्हणजे आपण केव्हाच मागं टाकलेला. म्यूटंट म्हणून जन्मलेल्यांना छावणीत डांबलंय, गळ्यात पट्टे, अंगावर अक्षरं. माणसाला 'एच', म्यूटंटला 'एम'. गुन्हा काय, तर जन्म. अमेरिकन वाचकाला हे कल्पनेतलं भविष्य वाटलं असेल. आपल्याकडं तो सरकारी कागद होता. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा. १९११ साली तो वाढवून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीचं नाव यादीत चढलं की पोर पाळण्यातच गुन्हेगार. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, पासाशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. आपलं आष्टी निजामाकडं, आणि ते पलीकडचं गाव इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे त्या पोराच्या आजानं हजेरी दिलेली असणार. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. भटके-विमुक्त लोक तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आणि १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. यादी फाडली, हजेरीची वही ठेवली.

आता माझं भांडण ऐक. एक्स-मेनचा पहिला अंक सप्टेंबर १९६३चा, स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचा तो प्रचंड मोर्चा निघाला होता. त्यामुळं एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्स म्हणजे किंग आणि त्यांचा वैरी मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, असं जिकडंतिकडं सांगतात. मला ते पटत नाही. पहिल्या अंकातला मॅग्नेटो नुसता खलनायक आहे. त्याला छळछावणीतल्या ज्यू पोराचं बालपण ख्रिस क्लेअरमाँटनं दिलं, तेही अठरा वर्षांनी. आणि माल्कमवर तर हा सरळ अन्याय आहे. शिवाय त्या पहिल्या पाच एक्स-मेनचे चेहरे बघ. सगळे गोरे. दुःख काळ्यांचं, मुखवटा गोऱ्यांचा. १९७५ साली वेगवेगळ्या रंगांची, देशांची मंडळी आली, त्यात अपाची जमातीचा थंडरबर्ड होता. त्याला दुसऱ्याच मोहिमेत मारून टाकला. पारध्याचं पोर शाळेतून गळतं तसा.

पण खरं भांडण याहून खोल आहे. त्या पाचांतल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून आग निघते, भिंत फुटते. अशा पोराला शेजारी घाबरले, तर त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. कॉमिक्सवाल्यांनी द्वेष दाखवायचा म्हणून द्वेषाला कारण पुरवलं. त्या दाराजवळच्या पोराच्या डोळ्यांतून काय निघत होतं? त्याच्याकडं गलोल होती, ती आम्हा सगळ्यांकडं होती. तरी सत्तेचाळीस माना एकदम वळल्या. भीतीला कारण लागत नाही गं, वही लागते. आणि ती वही पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या मानेत राहते.

म्हणून मला त्या रंगीत कपडेवाल्यांपेक्षा एक साधी सात-आठ पानांची गोष्ट जास्त लागली. तूच मागं मोबाइलवर दाखवली होतीस. ईसी कॉमिक्सची, १९५३ सालची. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथं नारिंगी यंत्रं निळ्यांना खालच्या वस्तीत ठेवतात, आत मात्र दोघांचे सुटे भाग सारखेच. तो सांगतो, तुम्ही अजून तयार नाही, आणि निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो तर काळा माणूस, कपाळावर घाम. १९५६ साली हीच गोष्ट पुन्हा छापायला काढली, तेव्हा कॉमिक्सच्या नियमावलीवाल्यांनी हट्ट धरला, माणूस काळा नको. प्रकाशक गेन्स हटला नाही. यंत्रमानव, दुसरा ग्रह, सगळं चाललं. घामेजलेलं एक कपाळ तेवढं चाललं नाही. त्या माणसाकडं कुठलीही शक्ती नव्हती हे लक्षात घे.

आणि १९७२! हे वर्ष मी नेहमी दुष्काळावरून मोजतो, पण तुझ्या पुस्तकांमुळं त्याला आणखी दोन-तीन धागे लागले. ब्लॅक पँथर हा मार्व्हलचा काळा नायक १९६६च्या उन्हाळ्यात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला खऱ्याखुऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना झाली. राजकारणाचा वास नको म्हणून बहात्तरच्या सुरुवातीला फँटॅस्टिक फोरच्या एका अंकात त्यानं स्वतःला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणवून घेतलं. कागदावरच्या वाघानं नाव टाकलं, आणि त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ते उचललं: दलित पँथर. त्यांनी ते कॉमिकमधून नव्हे, ओकलंडवरून घेतलं, हे उघड आहे. पण मला त्या दोघा पँथरांची अदलाबदल फार आवडते. मार्व्हलच्या नायकाला पुढं आपलं नाव परत घ्यावं लागलं. आपल्या मराठवाड्यात नावाचं मोल काय असतं, हे तुला सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४पर्यंत माणसं मेली, वस्त्या जळल्या.

तिसरा धागा त्या पोराचा. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चाच. चांगला कायदा, माझी तक्रार नाही. पण फासे लावून तितर, ससे धरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना एका फटक्यात पुन्हा गुन्हेगार केलं ते त्यानंच. आधी जन्मावरून, आता पोटावरून.

तू पुढच्या वर्षी कॉलेजात स्वतःचं चित्रपुस्तक काढणार म्हणतेस, तर एक सुचवतो. २०११ सालचं 'भीमायन' मिळव. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची चित्रं आहेत. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग: शाळेतलं पाणी, बडोद्यातलं घर, आणि १९३४ची दौलताबादची सहल, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातली. त्यात चौकोनी चौकटी नाहीत. माणसांना डब्यात कोंबायचं नाही म्हणून. साधं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, आणि विखारी बोलणं आलं की फुग्याला विंचवाची नांगी फुटते. ते पाहून मी किती वेळ पान उलटलंच नाही. गप्प बसण्याला कसला आकार देतात, ते मात्र शोधून सापडलं नाही. तुला सुचलं तर कळव.

बाकी ठीक. तुरी बऱ्या आहेत. पुण्याहून येताना नगरहून रेल्वेनं ये, कड्याला उतर, मी घ्यायला येईन. एसटीत तुला मळमळतं. येताना 'भीमायन' विसरू नकोस.

पत्र लिहायला बसण्याआधी तो वेताळ माळ्यावरच्या पेटीतून काढला. पन्नास वर्षं झाली, अजून आहे. मागची दोन पानं नाहीत त्यात. मी त्याला दिला तेव्हा होती, असं पटकन मनात आलं. मग पुन्हा पहिल्यापासून पानं मोजली.

तुझा,
मामा