तीन फोल्डरमधले प्रल्हाद शिंदे

परवा एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात पेनड्राईव्ह दिला. म्हटलं, "प्रल्हाद शिंदेंची सगळी गाणी भरून दे."

पोरगा कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला, "कुठली देऊ? विठ्ठलाची का भीमाची? कव्वालीचा फोल्डर येगळा हाय."

"तिन्ही एकत्र दे."

"एकत्र कोण नेत नाही काका."

दुकानातनं बाहेर पडलो, पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. कारण हीच चूक मी स्वतः केलीय.

२३ जून २००४ ला प्रल्हाद शिंदे गेले. माझा पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला, नवा वार्ताहर. मी चार ओळींची बातमी केली. मथळा होता, विठ्ठलाचा गायक हरपला. दुसऱ्या दिवशी शाळेतला जुना दोस्त चहाच्या गाड्यावर भेटला. पेपर पुढं टाकून म्हणाला, "बातमी चांगली हाय रं. पण आमच्या वस्तीत रात्रभर भीमगीतं लावून लोक रडत हुते, ते प्रल्हाददा कुठं हायत ह्यात?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्या महिनाभर आधी, १५ मेला वामनदादा कर्डक गेले, त्याची तर मी बातमीच केली नव्हती.

मित्रांनो, जरा हिशोब मांडा. प्रल्हाद शिंदेंचा जन्म १९३३ चा, मंगळवेढ्याकडचा. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. चोखोबांची समाधी पंढरपुरात आहे, पण देवळाच्या दाराबाहेर. साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठं १९४७ साली ते दार दलितांना उघडलं. म्हणजे प्रल्हाददा तेव्हा चौदा-एक वर्षांचे. आईवडिलांसोबत गात फिरणाऱ्या ह्या पोराला त्याआधी विठोबाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. आज आषाढीला त्याच्याच आवाजाशिवाय गावाची सकाळ होत नाही.

हे एकदा कळलं की त्यांची विठ्ठलाची आळवणी वेगळी ऐकू येते. तो आवाज नुसता गोड नाही. त्यात दाराबाहेर थांबलेल्या माणसाची हाक आहे. आणि भीमगीतात तोच माणूस छाती काढून उभा राहतो. कव्वालीत टाळ्यांच्या ठेक्यावर समोरच्याला सवाल टाकतो. गळा एकच, माणूस एकच. फोल्डर आपण केले.

माझ्याकडं त्यांच्या निवडक गाण्यांची एक सीडी आहे. कव्हरवर विठोबा, आत सगळी भक्तिगीतं. ऐकायला अप्रतिम, पण आयुष्यभराची गाणी म्हणून ती अर्धीच. एका गावात देवळाचा भोंगा एक प्रल्हाद शिंदे लावतो, समाज मंदिराचा भोंगा दुसरे. मधल्या रस्त्यानं जाणाऱ्याला दोन्ही ऐकू येतात, तरी आपण दोन गायक समजून चालतो.

म्हणून एक काम काढलंय. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत प्रल्हाददांच्या जुन्या कॅसेट असतील तर कळवा. भीमगीतं, कव्वाल्या आधी हव्यात. आपल्याकडच्या पावसात टेपला बुरशी धरते, अजून दोन-चार पावसाळे गेले तर हाताला काही लागणार नाही. कव्हरचा कागदही टाकू नका. गीत कुणाचं, संगीत कुणाचं हे त्याच्यावरच असतं, पेनड्राईव्हमध्ये ती नावं येत नाहीत. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आणि जशीच्या तशी परत देतो.

२६ जूनला शाहू जयंती. ज्यांचं धरण आपण रोज बघतो, ज्यांनी १९२० ला माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीवर जाहीरपणे हात ठेवला, त्यांच्या जयंतीला तिन्ही फोल्डर एकामागोमाग एक लावायचे ठरवलंय. भोंगा एकच.

तो जुना दोस्त पहिल्या सहा कॅसेट घेऊन येतोय. वीस वर्षांपूर्वीची ती बातमी मला आता कुठं पुरी करता येईल.