आबा, अकोस्टा जिंकेल का?

परवा चार दिवस लातूरला लेकीकडे जाऊन आलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने जायची हौस अजून गेलेली नाही. गुडघे मात्र आता तक्रार करतात. असो.

दुपारी जेवून जरा लवंडावं म्हटलं, तर बाहेरच्या खोलीतून गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज. बघतो तर नातू मोबाइलला डोळे लावून बसलेला.

"काय बघूलालास रे?" मी विचारलं. (जन्मभर पोरांना प्रमाण मराठी शिकवली, पण नातवाशी बोलताना जीभ आपल्या वळणावर जाते, त्याला काय करणार!)

"मोटोजीपी, आबा. जुनी रेस आहे, कतारची. तुम्हाला नाही कळायचं."

मास्तराला असं म्हटलं की संपलंच. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

खरं तर लेकीने आल्या दिवशीच स्वयंपाकघरात कानावर घातलं होतं. "बाबा, तुम्ही तरी समजावा त्याला. ड्यूक पाहिजे म्हणून हटून बसलाय. रेसर व्हायचं म्हणतो. ह्यांच्याशी चार दिवस बोललेला नाही." पोरगा अठरा वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मी आयुष्यात लूनाच्या पुढे गेलो नाही. मी काय समजावणार? म्हणून आधी समजून घ्यावं म्हटलं.

तर ती रेस 2024 च्या मार्चमधली. पेद्रो अकोस्टा नावाचा स्पेनचा पोरगा, वय एकोणीस, मोटोजीपीतली त्याची पहिलीच शर्यत. समोर मार्क मार्केझ, या वर्गात सहा वेळा जगज्जेता. आणि या पोराने त्याला चक्क मागे टाकलं! चौथ्या नंबरवर गेला. नातू टाळ्या पिटायला लागला, जणू आत्ताच घडतंय.

"मग जिंकला का?" मी विचारलं.

"नाही ना आबा. टायर संपले त्याचे. नववा आला."

"आणि तो मार्केझ?"

"चौथा," नातू जरा बारीक आवाजात म्हणाला.

मला एकदम वर्ग आठवला. पेपर हातात पडला की पहिल्या तासात पुरवणीवर पुरवणी मागणारी पोरं, आणि शेवटच्या बाकावर शांतपणे घड्याळ बघत लिहिणारा एखादा. टायर ही म्हणे मोजून मिळालेली शिदोरी. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर पळणाऱ्या गाडीचा रस्त्याशी संबंध काय तो तेवढ्या तळहाताएवढ्या रबराचा. सुरुवातीलाच उधळलं, तर शेवटी वळणावर गाडी घसरायला लागते. पोराजवळ वेग होता. शिदोरी पुरवायची कशी, हे मार्केझला ठाऊक होतं.

पुढचे तीन दिवस माझी शिकवणी चालली. नातू मास्तर, मी विद्यार्थी. लेकीला वाटत होतं बाबा पोराला समजावताहेत!

अकोस्टा 2004 सालचा. माझारोन या समुद्रकाठच्या गावचा, बाप मासेमारी करणारा. 2020 मध्ये नवोदितांचा रुकीज कप जिंकला. 2021 मध्ये मोटो-थ्री या धाकट्या वर्गात आला आणि दुसऱ्याच शर्यतीत सगळ्यांच्या मागून, पिट लेनमधून सुटून पहिला आला. त्याच वर्षी सतराव्या वर्षी त्या वर्गाचा जगज्जेता. 2023 ला मोटो-टूचा जगज्जेता. त्या वर्षी सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली मोटोजीपी झाली, तेव्हा मोटो-टूची शर्यत यानेच जिंकली होती.

"अरे, हा तर लातूर पॅटर्न!" मी म्हणालो.

नातू हसला, पण मी गमतीने बोललो नव्हतो. लातूरच्या मातीत काही डॉक्टर उगवत नाहीत. इथे वर्ग आहेत, सराव परीक्षा आहेत, वरच्या वर्गात गेलेली पोरं डोळ्यांसमोर आहेत, म्हणून निकाल लागतात. स्पेनमध्ये तसंच दुचाकीचं आहे. पाच-सहा वर्षांची पोरं छोट्या गाड्यांवर बंद ट्रॅकवर पळतात. मग एकेक इयत्ता वर. मार्केझही त्याच शाळेचा विद्यार्थी, फक्त अकरा वर्षं पुढच्या तुकडीचा.

मग एवढा हुशार पोरगा मोठ्या वर्गात जिंकायला हवा की नाही? पण 2024 आणि 2025 असे दोन मोसम संपले, तरी रविवारची मुख्य शर्यत एकदाही त्याच्या नावावर लागली नव्हती. पहिल्या वर्षी सहावा, दुसऱ्या वर्षी चौथा. 2025 चं जगज्जेतेपद मार्केझने नेलं, बत्तिसाव्या वर्षी.

याचं एक कारण गाडी. मार्केझखाली डुकाटी होती, याच्याखाली केटीएम. 2024 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातली ही केटीएम कंपनीच कर्जात बुडायला आली. पोरगा ट्रॅकवर सेकंदाचे तुकडे वाचवणार आणि मागे कंपनी राहते की जाते हेच नक्की नाही! तिला हात दिला तो आपल्या पुण्याच्या बजाजने. 2007 पासून त्यांचा तिच्यात हिस्सा होताच, धाकट्या ड्यूक गाड्या चाकणला तयार होतात. 2025 मध्ये आठशे दशलक्ष युरो उभे करून बजाजने कंपनी वाचवली आणि वर्षअखेर ती ताब्यातच घेतली. म्हणजे स्पेनच्या कोळ्याचा पोरगा कोणत्या गाडीवर बसणार, याचा थोडा हिशेब आकुर्डीतही होतो म्हणायचा.

दुसरं कारण मला जास्त पटलं. मार्केझ 2020 च्या जुलैत हेरेझच्या शर्यतीत पडला. उजव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर चारच दिवसांत गाडीवर बसायची घाई केली. आतली पट्टी तुटली, पुन्हा ऑपरेशन. अशी त्या हाताची चार ऑपरेशनं झाली. 2019 नंतरचं विजेतेपद मिळायला त्याला सहा वर्षं लागली. जगज्जेता म्हणजे नुसता जिंकलेला माणूस नव्हे. पडून परत आलेला माणूस. त्याला पहिल्या तासाच्या वेगाने कसा हरवाल?

आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची तिन्ही पदकं 1998 पासून दर वेळी केनियाच्या पोरांनी वाटून घेतलेली. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये हा त्यांच्यात घुसला. रौप्यपदक, आणि सोनं हुकलं ते फक्त पाच शतांश सेकंदांनी. पण त्याच्यामागे लष्कर होतं. खाणं, प्रशिक्षक, सरावाला मैदान आणि चुका करायला सवड, सगळं मिळालं. प्रस्थापितांना हरवायला अंगातली धमक लागतेच, पण तेवढी सवड देणारं कुणीतरी मागे लागतं.

शेवटच्या रात्री गच्चीवर नातवाने सरळच विचारलं, "आबा, अकोस्टा जिंकेल का?"

"जिंकेल असं मला वाटतं," मी म्हणालो. "वय त्याच्या बाजूला आहे, आणि तो शिकतोय. तू मला एक सांग. तो किती वेळा पडला असेल?"

"खूप वेळा."

"मग जिवंत कसा?"

त्याने सांगितलं. ट्रॅकच्या कडेला घसरत जायला मोकळी जागा असते, खडीचे पट्टे असतात. अंगातल्या सूटमध्ये हवेची पिशवी फुगते. समोरून कुणी येत नाही. डॉक्टर मिनिटाच्या आत पोचतो.

"आणि आपल्या अहमदपूरच्या रस्त्यावर?"

तो काही बोलला नाही. मग मी त्याला माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी कुणाला सांगितली नव्हती. गणितात कच्चा, पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा. दहावीनंतर थोरल्या भावाची गाडी घेऊन रस्त्यावर पैजा लावायचा. मला भेटला की मी म्हणायचो, "बेताने चालव रे." बस, एवढंच. हा वेग कुठे न्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. एका उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. तो एकोणीस वर्षांचा होता. अकोस्टा कतारला होता तेवढाच.

बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो.

मग मी म्हणालो, "गाडीचं तुझे आईवडील ठरवतील, त्यात मी पडणार नाही. पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, तिथे शिकवण्याचे वर्ग भरतात, असं तूच सांगितलंस ना? एकदा जाऊन ये. फी माझ्या पेन्शनमधून. तिथे पड, शिक, आणि मग सांग रेसर व्हायचं की इंजिनिअर. एक अट. तोवर रस्त्यावर पैज लावायची नाही."

सकाळी लेकीला कळलं. "मी तुम्हाला समजवायला सांगितलं होतं, पैसे द्यायला नाही!" म्हणून ती जी रुसली, ती बसस्टँडवर सोडायलाही आली नाही. जावईबापू आले. तेही गप्पच होते. बस सुटताना मात्र खिडकीशी येऊन म्हणाले, "बाबा, तो काल रात्री माझ्याशी बोलला."

चाकूरच्या पुढे एका गाडीवर तीन पोरं बसला घासून पुढे गेली. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ड्रायव्हरने शिवी घातली. मी खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

माझं बरोबर की लेकीचं, अजून ठरत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?