न छापलेले मागचे अंक

सुपरहिरोच्या कॉमिककडे आम्ही शिक्षक मंडळी बहुधा जप्तीचा माल म्हणून पाहतो. मुलाच्या दप्तरातून काढायचे, टेबलाच्या खणात टाकायचे आणि वर्षाअखेरीस पालकांच्या हवाली करायचे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपरही दिलेला आहे, आणि तरी या पानांवर एका कॉमिक मालिकेचीच दखल घ्यायची असे आम्ही ठरवले आहे. वाचकांनी थोडा सब्र ठेवावा.

मालिकेचे नाव ‘अमॅल्गम’. पाऱ्यात दुसरा धातू मिसळला की जो मिश्रधातू तयार होतो, त्याचे हे इंग्रजी नाव. दातांचे डॉक्टर किडलेल्या दाढेत चांदी भरतात म्हणतात, ती हीच. अमेरिकेतल्या मार्व्हल आणि डीसी या दोन प्रकाशन संस्था म्हणजे एकाच गल्लीतली समोरासमोरची दोन दुकाने. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन डीसीकडे; स्पायडरमॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका मार्व्हलकडे. १९९६ साली दोघांनी मिळून चार अंकांची एक कथा काढली. तिच्यात एकीकडचे वीर दुसरीकडच्या वीरांशी लढले, आणि त्यांतल्या पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला होता. तिसरा आणि चौथा अंक यांच्या दरम्यान दोन्ही विश्वे एकमेकांत मिसळून जातात, अशी कल्पना केली होती. त्या मिसळलेल्या विश्वाचे बारा स्वतंत्र अंक निघाले. सहा एकाने छापले, सहा दुसऱ्याने. १९९७ मध्ये आणखी बारा आले. पुढे कित्येक वर्षे नवा अंक निघाला नाही. २०२४ मध्ये हे सारे एका जाडजूड ग्रंथात पुन्हा छापले गेले आणि आमच्या भाच्याच्या कृपेने आमच्या हाती पडले.

दोन वीर घ्यायचे, एक करायचा, एवढाच खेळ. बॅटमॅन आणि वुल्व्हरिन मिळून ‘डार्क क्लॉ’. आयर्न मॅन आणि ग्रीन लँटर्न मिळून ‘आयर्न लँटर्न’. लोबो नावाचा अंतराळातला गुंड आणि हॉवर्ड नावाचे बदक मिळून ‘लोबो द डक’. वाचून हसू येते, आणि पुष्कळ अंकांत हसण्यापलीकडे काही हाती लागतही नाही. डार्क क्लॉ आम्हांला असाच वाटला. बॅटमॅन एकलकोंडा नि रागीट, वुल्व्हरिनही एकलकोंडा नि रागीट. काळ्यात काळा मिसळला तर तिसरा रंग कुठून यायचा? पोशाख तेवढा नवा शिवला आहे.

पण ‘सुपर सोल्जर’ हा अंक वेगळा आहे. मार्क वेड आणि डेव्ह गिबन्स यांचा. सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका यांची ही मोळी. सुपरमॅन जन्माला आला १९३८ मध्ये, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांच्या डोक्यातून. दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी एका बाळाला यानात बसवून पाठवले, परक्या देशातल्या एका शेतकऱ्याने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, अशी ती कथा. कॅप्टन अमेरिका १९४१ चा. अशक्त मुलगा, सैन्यात घेत नाहीत, मग सरकारी प्रयोगशाळेत औषध टोचून त्याला बलदंड शिपाई बनवतात. पुढे तो बर्फात गोठतो आणि अनेक वर्षांनी जागा होतो.

या दोघांना जोडायचे कुठे? दुसरा एखादा लेखक निळ्या अंगरख्यावर ढाल लटकवून मोकळा झाला असता. या जोडीने सांधा शोधला तो काळीज हलवणारा आहे. यान येते, पण आतले बाळ मेलेले असते. सरकार त्या बाळाच्या शरीरातून द्रव्य मिळवते, त्याचे औषध करते आणि ते एका तरुणाला देऊन शिपाई घडवते. म्हणजे निर्वासित लेकराला दत्तक घेणारे घर या विश्वात उरलेच नाही. उरले त्याच्या रक्ताचा उपयोग करून घेणारे खाते. दोन जुन्या कथा वेगवेगळ्या वाचताना हे कधी दिसले नव्हते. एकत्र आल्यावर सुपरमॅनची कथा किती दयाळू होती आणि कॅप्टन अमेरिकेची किती कठोर, ते एकदम कळते. चांगल्या मिश्रणाची आमची कसोटी आता हीच आहे: त्याने दोन्ही मूळ पदार्थांची नवी चव कळली पाहिजे.

या मालिकेतली दुसरी गंमत शिक्षकी पेशाला अधिक भावणारी आहे. प्रत्येक अंक प्रत्यक्षात पहिलाच, पण वाचताना वाटते की ही मालिका वर्षानुवर्षे चालू आहे. एखादा खलनायक परततो तेव्हा खाली तळटीप असते की मागची हकिकत अमुक अंकात पाहा. तो अंक कधी छापलेलाच नसतो. अंकात वाचकांची पत्रेही आहेत. कुणी मागच्या महिन्याच्या कथेवर नाराज, कुणी जुन्या चित्रकाराची आठवण काढतो. ना तो मागचा महिना, ना ते वाचक. सारे रचलेले.

आधी आम्हांला ही नुसती थट्टा वाटली. दुसऱ्यांदा वाचताना तिच्यातला आग्रह ध्यानात आला. मिसळलेल्या माणसाकडे जग पाहते ते ‘अर्धा हा, अर्धा तो’ म्हणून. हे लेखक म्हणतात, छे, हा पुरता एक आहे. याला बालपण आहे, दुष्मन आहेत, याच्यावर रुसणारे वाचक आहेत. ज्याला भूतकाळ आहे त्याला जोडकाम म्हणता येत नाही.

आता ‘डॉक्टर स्ट्रेंजफेट’ या अंकाकडे येऊ. डॉक्टर फेट, डॉक्टर स्ट्रेंज आणि प्रोफेसर एक्स या तिघांचा मिळून हा एक जादूगार. आपले विश्व दोन विश्वांच्या मिश्रणातून झाले आहे, हे त्याला ठाऊक आहे. अ‍ॅक्सेस नावाचा एक तरुण दोन्ही विश्वे पुन्हा वेगळी करण्याची शक्ती घेऊन हिंडतो आहे, हेही ठाऊक आहे. तो त्या तरुणाला पकडायला आपली माणसे धाडतो. मूळ कथेच्या हिशेबाने अ‍ॅक्सेस बरोबर, कारण तो सगळे पूर्ववत करणार. पण स्ट्रेंजफेटच्या बाजूने पाहा. ‘पूर्ववत’ झाल्यावर तो कुठे असेल? त्याचे तुकडे जिवंत राहतील, तो राहणार नाही. चौथ्या अंकात विश्वे वेगळी होतात, सगळे आपापल्या घरी परततात, शेवट गोड होतो. स्ट्रेंजफेटसाठी मात्र कुणी रडत नाही. आम्हांला हा शेवट पचला नाही, आणि मालिकेची हीच उणीव आम्ही सर्वांत मोठी मानतो.

आमच्या वर्गात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. २०२३ च्या जून महिन्यात स्पायडरमॅनचा एक चित्रपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून ‘मुंबॅटन’ शहर केले आहे आणि तिथला स्पायडरमॅन आहे पवित्र प्रभाकर. हे पात्र २००४ मध्ये भारतात निघालेल्या ‘स्पायडरमॅन इंडिया’ या चार अंकी कॉमिकमधले. तिथे पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, बेनकाकांचे भीमकाका. कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याने दिलेली शक्ती, आणि पायांत धोतर. नावांची जुळणी चलाख आहे, पण कथा बरीचशी लिप्यंतरासारखी वाटते. अक्षरे बदलली, शब्द तोच. मुंबॅटनमध्ये मात्र ते पोर मोकळे झाले आहे. पीटरची आठवण न काढताही ते आपल्या शहरात मजेत राहते.

चित्रपट पाहून आलेल्या सातवीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले, “सर, इनमें असली कौन है?”

प्रश्न साधा, पण विचारणारे पोर कोकणातले. घरी कोकणी बोली, बाजारात मराठी, वर्गात उर्दू, मोबाइलवर हिंदी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना असतो, आणि त्यात एकच नाव मावते. दाखला घेताना तेच नाव पुढे जन्मभर सोबत जाते. कोणती भाषा असली, हे त्या मुलाला एक दिवस कुणीतरी विचारणारच आहे, आणि विचारणारा प्रत्येक वेळी प्रेमाने विचारील असे नाही.

आम्ही फळ्यावर एक शब्द लिहिला: रेख्ता. उर्दूचे जुने नाव. त्याचा एक अर्थच मुळी मिसळलेले. मग त्याच्याखाली ‘हाजिरी’ लिहिले आणि शेजारी मराठीत ‘हजेरी’. अरबीतून फारसीत, फारसीतून इकडे आलेला हा शब्द. रोज सकाळी आम्ही हजेरी घेतो तेव्हा तो परका आहे असे कोणत्या मराठी शाळेला वाटते? तो काढून त्याच्या मूळ घरी पाठवायचा म्हटले तर अरबीचे काही वाढणार नाही, मराठीचा मात्र एक दात पडेल. ज्या शब्दांनी इतकी वर्षे एकत्र संसार केला, त्यांचा मागचा अंक खरोखरच छापलेला आहे. तळटीप रचावी लागत नाही.

मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तो फिर दोनों असली?” आम्ही म्हटले, “तीनों. जो मिलकर बना, वो भी.”

शिफारस करायची तर अशी. चोवीसच्या चोवीस अंक वाचायची गरज नाही. दोन्ही दुकानांचा माल ठाऊक नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातील, आणि नव्वदीच्या दशकातल्या रिवाजाप्रमाणे बायकांची चित्रे अशी काढली आहेत की ग्रंथ थेट मुलांच्या हाती देऊ नये. पालकांनी आधी स्वतः चाळावा. पण ‘सुपर सोल्जर’ आणि ‘डॉक्टर स्ट्रेंजफेट’ हे दोन अंक मोठ्यांनी आवर्जून वाचावेत. दुसरा वाचून झाला की घरातल्या मुलांना विचारावे, स्ट्रेंजफेटचे काय चुकले? त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात.