शिशाचा ताप

आपल्या सीमेवरच्या गावांत शब्दही दोन घरचे पाहुणे असतात. मराठीतले कथील हिंदीत रांगा होते. शिसे म्हणजे सीसा. पण जीभ जरा घसरली की त्याचा शीशा होतो, म्हणजे काच किंवा आरसा. ‘ताप’ या शब्दाची गंमत तर याहून न्यारी. मराठी घरात ताप म्हणजे आजार. हिंदी माध्यमाच्या भौतिकीत ताप म्हणजे तापमान. शिशाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एका चुलीवर कसे एकत्र येतात, हे मला बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात राहत असताना कळले.

आमचे गाव तापीकाठचे. फेकून मारायच्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी लागतात, म्हणजे जाळे झरकन तळाशी बसते. आमच्या ओळखीचे एक वृद्ध मच्छीमार हे मणी घरीच ओतत. पूर्वी ठासणीच्या बंदुकीची गोळीही लोक अशीच घरी ओतीत: लोखंडी पळीत शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, निवाले की काढायचे. असिरगड 1819 साली इंग्रजांच्या हाती गेला, त्या काळच्या शिपायाला आणि आमच्या या बाबांना प्रश्न मात्र एकच: शिसे ओतण्याजोगे तापले हे ओळखायचे कसे?

शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. जेमतेम वितळलेले ओतले तर मण्याला सुरकुत्या पडतात, साचा पुरता भरत नाही. फार तापवले तर मणी निस्तेज, खरखरीत निघतो. बाबा कोरडी काडी शिशात बुडवून तिचा रंग पाहत. काडी कोरडीच हवी. ओलीतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन उकळते शिसे अंगावर उडते. “काडी तांबूस झाली की ओतायचं, गुरुजी. काळी होऊन धुरावली की थांबायचं,” असा त्यांचा नियम.

बाबांचा नातू आमच्याच शाळेत नववीत. त्याने वर्गात विचारले, “सर, काडी तांबूस होते तेव्हा ताप किती?” प्रश्न सोपा, पण शाळेचा तापमापक 110 अंशांवर संपतो, आणि पारा स्वतःच 357 अंशांना उकळतो. खुद्द न्यूटनला याच अडचणीतून वाट काढावी लागली होती. त्याने लाल तापलेल्या लोखंडावर निरनिराळ्या धातूंचे तुकडे ठेवले, लोखंड निवत जाताना कोणता केव्हा गोठतो याची वेळ टिपली आणि त्यावरून उष्णतेची पट्टी मांडली. 1701 साली ती लेखकाच्या नावाविना छापली गेली. पुढे 1821 मध्ये सीबेकला आढळले की, दोन वेगळ्या धातूंचे सांधे कमी-अधिक तापवले की त्यांत विद्युत खेळते. आज बाजारात मिळणारे तापयुग्माचे मीटर त्याच तत्त्वावर चालते. आमच्या विज्ञान शिक्षकांनी तसे एक मीटर आणले आणि आम्ही तिघे बाबांच्या घरी गेलो.

काडी तांबूस झाली. मीटरवर 365. मुलाचा चेहरा खुलला. आजोबांचा अंदाज पुस्तकाला धरूनच होता. मग चहा आला, बोलणे लांबले, चूल तशीच पेटती राहिली. मुलगा एकदम म्हणाला, “आजा, चारशे नव्वद!” बाबांनी पळीत डोकावून पाहिले. वरची साय थोडी पिवळट, बाकी शिसे होते तसेच. लोखंड तापले की लाल होऊन सावध करते. पण कोणतीही वस्तू लाल दिसायला पाचशेच्या वर जावे लागते. त्याच्या अलीकडे डोळा आंधळाच.

आणि हाच पट्टा धोक्याचा. शिसे जितके तापेल तितकी त्याची वाफ आणि तिच्यापासून होणारी बारीक भुकटी हवेत वाढते. चूल स्वयंपाकघरात, शेजारी भाकरीची परात, आणि जमिनीवर रांगणारी धाकटी नात. विज्ञान शिक्षकांनी शांतपणे सांगितले, की शिसे रक्तात गेले तर मुलांच्या बुद्धीवर घाला घालते, आणि रक्तात इतके शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आच बेताची ठेवली तरी काढून टाकलेल्या मळीची धूळ हाताला लागतेच.

बाबा बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “काडीनं मणी कसा होईल ते सांगितलं. पोरीचं नाही सांगितलं.”

अनुभवाला हिणवण्याची आम्हा शिकलेल्यांना खोड असते. पण बाबांची काडी खोटी नव्हती. मणी चांगला निघावा एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक होते, आणि ते तिने अचूक दिले. घरातल्या श्वासाचा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. मोजमापाचे मोल मला इथे दिसले: ते जुन्या जाणकाराला खोटे पाडत नाही, त्याच्या नजरेपलीकडचे त्याला दाखवते.

बाबांची चूल आता परसात, वाऱ्याच्या बाजूला असते. शिशाची पळी आणि भांडे वेगळे, कामाचे कपडे वेगळे, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. मुलांना त्या बाजूला मज्जाव. बाबा काडी अजून बुडवतातच. रंग पाहून आकडा मराठीत सांगतात. नातू लांब उभा राहून मीटरचा आकडा हिंदीत वाचतो. दोन्ही आकडे बहुधा जुळतात, आणि चारशेच्या पुढे काटा सरकला की दोघेही एकाच वेळी लाकूड मागे ओढायला सांगतात.