दोन कापांच्या मधली जागा

चर्ट या सिलिकामय दगडात अडकलेलं जीवाश्म फळ बाहेर काढता येत नाही, ते थराथरानं घासून संपवावं लागतं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलांचे हे दगड दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींनी १९४३ मध्ये इथल्याच एका फळाचं, एनिग्मोकार्पॉनचं, वर्णन केलं. त्यांना अख्खं फळ छेदांवरून मनातच उभं करावं लागलं. आज माझ्यापुढे संगणक आहे. पण सिलिकातच मुरलेल्या पेशी सीटी स्कॅनमध्ये अनेकदा उठून दिसत नाहीत, म्हणून करवत आणि आम्ल सुटलेलं नाही.

गुळगुळीत घासलेला दगड थोडा वेळ हायड्रोफ्लोरिक आम्लात धरला, की सिलिका विरघळते आणि पेशीभित्ती किंचित वर उरतात. दगड धुऊन वाळवायचा, अ‍ॅसिटोन ओतायचं आणि सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा एका कडेपासून अलगद टेकवत न्यायचा. खाली बुडबुडा राहिला, तर तिथली पेशी गेलीच. वाळल्यावर पापुद्रा सोलला, की भित्ती त्याला चिकटून येतात. हाच पील. मग पुन्हा घासणं, पुन्हा आम्ल. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचतं. हातमोजे, फ्यूम हूड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल नसेल, तर बाटली उघडूच नये.

एकेक पील म्हणजे फळाचा एकेक काप. त्रिमितीय मॉडेलसाठी हे पील संगणकावर रचायला घेतले, की कस लागतो. अ‍ॅसिटोननं पील ताणला जातो, एकावर एक नेमका बसत नाही. खुणा नसतील, तर संगणक प्रत्येक काप शेजारच्याशी जास्तीत जास्त जुळवतो आणि बाकदार फळ बिनदिक्कत सरळ करून टाकतो! पडद्यावर ते सुबक दिसतं, म्हणून तर जास्त फसवतं. हे टाळायला आधीच दगडाला कापांशी काटकोनात बारीक छिद्रं पाडायची आणि प्रत्येक सोलण्याआधी त्या पृष्ठभागाचा फोटो घ्यायचा. बीजकवचाची कड मी अजूनही हातानंच रेखते. कुठे कवच संपतं आणि कुठे नुसता डाग आहे, हे शेजारचे चार काप मागेपुढे पाहूनच कळतं.

दोन कापांच्या मधला दगड घासण्यात जातो. तिथला आकार अंदाजाचा असतो. तो वेगळ्या रंगात दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. मऊ, गोलसर केलेल्या मॉडेलवर माझा विश्वास बसत नाही.

आणि हे काम करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: मॉडेल झालं म्हणून पील टाकून देऊ नका. क्रमांक घालून, कापांमधलं अंतर लिहून ते विभागात जपून ठेवा. त्या फळाचं तेवढंच उरलेलं असतं.