परदेशस्थाचे मत

मनुष्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात वास्तव्यास गेला म्हणजे त्याची पुस्तके, त्याच्या सवयी आणि बऱ्याच अंशी त्याचे पूर्वग्रहही त्याच्याबरोबर प्रवास करतात. परंतु काही अधिकार असे असतात, की ते शीव ओलांडावयास तयार होत नाहीत. मताधिकार हा त्यांतला प्रमुख होय, आणि तो मागे राहिला आहे याची जाणीव मनुष्याला एरवी होत नाही. ती निवडणूक जाहीर झाल्यावरच होते.

१३ मे २०२४ रोजी पुण्यात लोकसभेचे मतदान झाले, त्या दिवशी मी लंडनमध्ये नित्याच्या कामावर होतो. पुढे ४ जुलैला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मात्र मी रीतसर मतदान केले. हे ऐकून पुण्यातील आमच्या वडीलबंधूंना मी कोणास न सांगता नागरिकत्व बदलले की काय, अशी शंका आली. वस्तुस्थिती तशी नव्हती. राष्ट्रकुलातील देशाचा जो नागरिक ब्रिटनमध्ये वैध परवान्याने राहतो, त्याला तेथील पार्लमेंटसाठी मत देता येते. साम्राज्य लयाला गेले तरी जुन्या प्रजाजनत्वाचा हा एक अवशेष कायद्याच्या दफ्तरात राहून गेला आहे. ओळखीचा दाखला मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मी माझे भारतीय पारपत्र ठेवले, त्याने ते पाहून मतपत्रिका दिली, मी पेन्सिलीने फुली केली आणि बोटाला शाई न लागताच बाहेर आलो.

१८९२ साली याच शहरातील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई नौरोजी निवडून आले, त्या वेळी मुंबई इलाख्यातील सामान्य रयतेला कायदेमंडळावर स्वतःचा प्रतिनिधी निवडून देण्याचा अधिकार नव्हता. परक्या राजधानीत हिंदी माणसाला स्थान मिळावे आणि स्वगृही ते नसावे, हा विरोधाभास म्हणजे त्या काळाचा अन्याय होता. माझ्या वाट्याला आलेल्या विरोधाभासाला अन्याय म्हणताना मात्र मी थोडा अडखळतो. कारण मत म्हणजे केवळ अभिप्राय नव्हे. निकालाचे परिणाम जे भोगणार, त्यांनी मिळून घेतलेला तो निर्णय आहे. लंडनचा कर मी भरतो आणि तेथील रुग्णालयांतील प्रतीक्षा मलाच सोसावी लागते. पुण्यातील पाण्याची टंचाई आणि रस्त्यांची दैना माझे बंधू सोसतात. दूर बसून स्मरणरंजनाच्या भरात मत द्यावे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, यात औचित्य कितपत आहे, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

परंतु हा युक्तिवाद आपल्या संसदेने स्वतःच निकालात काढला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदारावर त्या मतदारसंघात सामान्यतः राहत असल्याची अट घातली होती. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला त्या अटीतून मोकळे केले आणि पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या ठिकाणी नाव नोंदविण्याची मुभा दिली. त्यासाठी नमुना ६-अ भरावा, नाव यादीच्या अखेरच्या स्वतंत्र भागात चढावे आणि मतदानाच्या दिवशी मूळ पारपत्र घेऊन मतदाराने जातीने केंद्रावर हजर व्हावे, अशी तजवीज आहे. म्हणजे जे पारपत्र लंडनच्या केंद्रावर खिशातून काढले की काम भागते, तेच पुण्यात दाखविण्यासाठी समुद्रापार न्यावे लागते. तत्त्वाचा प्रश्न येथे संपतो आणि भाड्याचा सुरू होतो.

मताधिकार आणि ऐपत यांचा संबंध आपल्याला नवा नाही. १९१९ च्या सुधारणांत जमीनमहसूल, प्राप्तिकर, मालमत्ता असल्या कसोट्यांवर मतदार पारखून घेतले जात. त्या मर्यादित मताधिकाराची चिकित्सा आंबेडकरांनी त्याच वर्षी साउथबरो समितीपुढे केली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ऐपतीची कसोटी कायमची रद्द केली. ती आता विमानाच्या तिकिटाच्या रूपाने मागल्या दाराने आत आली आहे. २०२४ मध्ये नोंदलेले परदेशस्थ मतदार सुमारे १,१९,००० होते; प्रत्यक्ष मतदान करणारे तीन हजारही भरले नाहीत, आणि त्यांतील बहुसंख्य केरळचे होते. मुखत्यारामार्फत मत देण्याची सोय करणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत पोहोचून पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. सैन्यदलातील मतदारांना मतपत्रिका विद्युत्-मार्गे पाठविण्याची पद्धत २०१६ पासून आहे. ती परदेशस्थांनाही लागू करावी, असे निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सुचविले. अंमल अद्याप व्हावयाचा आहे.

या वंचनेचे अवडंबर मात्र मला माजवावयाचे नाही. मतदानाला मुकण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान आले ते नेमके बीडचे ऊसतोडणी मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांकडे निघण्याच्या सुमारास. मजुराचे नाव गावच्या यादीत, कोयता परजिल्ह्याच्या फडात. परतावयाचे तर गाडीभाडे त्याचे आणि बुडालेली मजुरीही त्याचीच. मी दूर गेलो तो स्वेच्छेने, आणि मला दुसऱ्या देशाचे का होईना, एक मतदानकेंद्र उघडे होते.

एका मताने काय व्हावयाचे होते, असे सांत्वन मित्र करतात. दादाभाईंचे मताधिक्य अवघे पाच होते एवढेच त्यांना सांगून मी तो विषय सोडून देतो, कारण माझे शल्य निकालाविषयी नाही. पुण्यात निम्म्याहून थोडे अधिक मतदान झाले की सुशिक्षितांच्या उदासीनतेवर अग्रलेख लिहिले जातात. परंतु मतदारयादीला उदासीन आणि असमर्थ यांतला भेद कळत नाही. जो दुपारी झोपला होता तो, जो फडात होता तो आणि जो सातासमुद्रापार होता तो, सर्वांपुढे सारखाच गैरहजेरीचा शेरा पडतो. कोण आला नाही याची गणना राज्य चोख ठेवते. कोणाला येता आले नाही याचीही गणना त्याने सुरू करावी, आणि नागरिकाला बोल लावावयाचा तो त्यानंतर लावावा.