दिवाळी, गल्ला आणि कॅट

बोईसरच्या बाजारपेठेत ज्या घराचे दुकान आहे, त्या घरातील मुलीला कॅटचे नियोजन करताना पहिला अडसर गणिताचा नसतो, दिवाळीचा असतो. ही परीक्षा अलीकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ तारखेला होते, परीक्षा २६ ला. ऐन सरावाच्या दिवसांत गल्ल्यावर माणूस हवा असतो, आणि घरात मोकळी तेवढी तीच दिसते!

गल्ल्यावर बसून सूत्रे पाठ होतात, उतारे होत नाहीत. पालघरच्या महाविद्यालयात जाताना मध्ये उमरोळी हे एकच स्थानक. तेवढ्यात एखादा उतारा जेमतेम होतो. कॅटचे तीन विभाग प्रत्येकी ४० मिनिटांचे, आणि एकाचा उरलेला वेळ दुसऱ्यास देता येत नाही. म्हणून सलग दोन तासांच्या सराव परीक्षा नवरात्रापूर्वीच उरकलेल्या बऱ्या.

राज्याच्या सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. कॅटच्या बहुपर्यायी प्रश्नांत प्रत्येक चुकीला एक गुण जातो. हा नफा-तोटा दुकानदाराच्या मुलीला समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळचे दोन तास दुकानातून सुटावेत, हे मात्र तिला वडिलांना समजवावे लागते. भावाला ते बहुधा न मागताच मिळतात.